तुझ्या नावाचं भाडं

आई, आम्ही तुझं नाव विकायला काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी आडवळणं घेत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. नाव म्हणजे पाटीवरचं. सावली गावच्या बाजारात, नालीच्या कडेच्या त्या शेवटच्या गाळ्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं तुझं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत दोर, जाळी, ताडपत्री. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू गेलीस तेव्हा जीएसटी हा शब्दसुद्धा आपल्या बाजारात कोणाला माहीत नव्हता. घरबसल्या मोबाईलवरून ताडपत्री मागवता येईल असं कोणी म्हटलं असतं, तर तू त्याला बसवून चहा पाजला असतास आणि तो गेल्यावर पोट धरून हसली असतीस.

बाबा लाकडाच्या डेपोत होते आणि ते गेले तेव्हा भाऊ नुकता रांगायला लागला होता, हे मला लोकांनी सांगितलेलं. मला स्वतःला आठवतं ते आपलं स्वयंपाकघर. चुलीवर अंबाडीची भाजी शिजते आहे आणि बाहेर टोपलीत दोरासाठी अंबाडीचाच वाख भिजतो आहे. सगळ्या घराला तो एकच आंबूस, ओला वास. मी दाराच्या कडीपाशी दोराचं एक टोक धरून उभी आहे आणि तू पीळ देत देत उलट्या पावलांनी अंगणाकडे सरकते आहेस. मधूनच ओरडतेस, "ढिलं सोडू नको व, धरून ठेव!" भाजी लागते, भाऊ रडतो, पण पीळ अर्धा सोडून येता येत नाही. तो दोर तू आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून विकायचीस. बैलाचं दावं, विहिरीचा दोर, धानाच्या पेंढ्या बांधायची दोरी. हळूहळू वैनगंगेवर मासे धरणारे ढिवर जाळ्यांसाठी तुला विचारायला लागले, मग तू नागपूरहून नायलॉनची जाळी आणायला लागलीस, आणि पुढं कधीतरी तो गाळा मिळाला. शेवटचा होता, नालीचा वास यायचा, म्हणूनच मिळाला. आपल्या वस्तीतल्या कोणाचंही तोपर्यंत मेन बाजारात दुकान नव्हतं.

पाटी रंगवायला आलेला पेंटर आठवतो तुला? खांद्यावर रंगाचा पंचा टाकलेला, कानामागं ब्रश. त्यानं विचारलं, "बाई, आडनाव काय लिहू?" तू म्हणालीस, "नको लिहू. नुसतं नाव लिही. आडनाव पाह्यलं का लोकं आधी जात पाह्यतीन, मंग दोर." तो गडबडला. नुसतं बाईमाणसाचं नाव दुकानावर बरं दिसत नाही, निदान पुढं काहीतरी स्टोअर्स वगैरे तरी हवं, असं त्याचं म्हणणं होतं. तू हलली नाहीस. तो शिडीवर चढून एकेक अक्षर रंगवत असताना तू रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होतीस. मी तुझ्या शेजारी. तुला वाचता येत होतं, पण तू त्या दिवशी ते नाव कोणा दुसऱ्याचं असावं तसं पुन्हा पुन्हा वाचत होतीस.

तू काही सोवळी दुकानदार नव्हतीस, हेही मला लिहिलं पाहिजे. गेलेल्या माणसाला आपण उगाच धुऊन पुसून ठेवतो. गिऱ्हाईक आलं की तू विचारायचीस, "पक्की पावती पाह्यजे का कच्ची?" कच्चीवर कर नसायचा, माल स्वस्त पडायचा, आणि शंभरातले बहुतेक सगळे कच्चीच मागायचे. सगळा बाजार तेच करत होता. मग एके दिवशी विक्रीकराचा माणूस आला. मी आठवीत असेन. तो तुझ्या खुर्चीवर बसला आहे आणि तू उभी आहेस. दोन गिऱ्हाइकं दारात थबकली आहेत. तो कच्च्या पावत्यांचे चिटोरे बोटांनी उडवत म्हणतो, "दुकान टाकता येतं, कायदा शिकता येत नाही?" तो खोटं बोलत नव्हता, लाचही मागत नव्हता. नियमानं होता तो दंड त्यानं लावला. पण तुझी मान मी तोपर्यंत खाली गेलेली पाहिली नव्हती. "चुकलं साहेब," तू म्हणालीस. एवढंच. तो गेल्यावर मी रडायला लागले, तर तू माझ्यावरच खेकसलीस, "रडून काय राह्यली? तो जे शिकून आला न, ते शीक. मंग कोणी तुले उभं नाई ठेवणार."

मी ते शिकले, आई. माझा शेवटचा निकाल लागायच्या आधीच तू चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलीस, त्यामुळे मी नेमकं काय शिकले हे तुला सांगायचं राहून गेलं. मी पुण्यात एका मोठ्या ऑफिसात काम करते. मोठ्या कंपन्यांनी कर कसा कमी भरावा हे सांगायचं आमचं काम. चोरी नाही. चोरी केली तर आमचंच ऑफिस बंद होईल. जे करायचं ते कायद्याच्या आतून करायचं. कंपनी इथे दुकानं चालवते, माल इथे विकते, नफाही इथेच होतो. पण त्या दुकानांवर जे नाव आहे ते दुसऱ्या देशातल्या एका कंपनीच्या मालकीचं असतं, आणि ती कंपनीही त्यांचीच. मग इथली कंपनी ते नाव वापरल्याबद्दल तिथल्या कंपनीला दरवर्षी भाडं देते. भाडं दिलं की इथला नफा तेवढा उतरतो, आणि तिथे तर कर जवळजवळ नसतोच. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसले होते. मला तू दिसत होतीस, उभी. हे कागद घेऊन येणाऱ्या माणसांना कोणी उभं ठेवत नाही. त्यांच्यासाठी गार पाणी येतं, एसी कमी-जास्त केला जातो.

आता गेल्या वर्षाचं सांगते. गडचिरोली रोडवर एक मोठं मार्ट उघडलं. कपडे, भांडी, चपला, किराणा, आणि एका कोपऱ्यात दोर आणि ताडपत्रीसुद्धा. धान कापून झालं की पुंजण्यावर, म्हणजे रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, झाकायला लोकांना ताडपत्री लागते, आणि आपलं दुकान खरं तर त्या एका हंगामावर जगत होतं. त्या हंगामात भाऊ दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसला आणि लोक त्याच्यासमोरून मार्टची घडी काखेत घेऊन गेले. ओळखीचे लोक होते. काहींनी नजर चुकवली, काहींनी तीही चुकवली नाही. मी तुझ्या स्मृतिदिनाला घरी आले होते. विहारातून आल्यावर आम्ही दोघं दुकानात बसलो होतो. बोलता बोलता मी त्याला मार्टच्या नावाच्या भाड्याचं सांगितलं. नुसती माहिती म्हणून सांगितलं. मार्टचा ताळेबंद कोणालाही बघता येतो, मीही सहज बघितला होता, त्यात ते स्वच्छ लिहिलेलं होतं.

भाऊनं पडलेलं दोराचं बंडल उचलून ठेवलं. मग म्हणाला, "ताई, तुया त्या मोठ्या लोकायले जमते, तं आमाले काऊन नाई जमत?"

मी हसले. तो हसला नाही. "मी मजाक नाई करून राह्यलो. तू हेच तं करतं न दिवसभर? मंग आपल्यासाठी कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात माणसं जमली. भाऊनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओळीतले जवळजवळ सगळेच आले, पण बोलणारे दोघंच. एक समोरचे भांडीवाले भाऊ, जे तुला आठवत असतील. तुझ्या गाळ्याच्या वेळी त्यांचे वडील विरोधात होते आणि हे चोरून आपल्याला पाण्याचा माठ ठेवायला जागा देत होते. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. दुसरी, ब्लाऊजपीस आणि अस्तराचं दुकान चालवणारी बाई. ती तू गेल्यानंतर आली. नवऱ्याला पॅरालिसिस आहे, दुकान तीच बघते, आणि ती तुझ्या पाटीकडे बघून बाजारात आली असं तिनंच मला सांगितलं. दोराच्या बंडलांवर, ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर लोक बसले. मी त्यांना समजावून सांगितलं.

"मंजे," भांडीवाले भाऊ म्हणाले, "आपलंच नाव आपणच भाड्यानं घ्याचं?"

"हो."

"अन् भाडं कोणाले द्याचं?"

"आपल्यालाच. पण दुसऱ्या देशातल्या आपल्याला."

सगळे इतके हसले की रस्त्यावरचे लोक आत डोकावून गेले. अस्तरवाल्या बाईनं विचारलं, "तिथी राह्यते कोण मंग?" मी म्हटलं, कोणी राहत नाही, नुसता पत्ता असतो, एकाच खोलीत कितीतरी कंपन्यांचा पत्ता. ती म्हणाली, "अन् आमच्या इथी एका पत्त्यावर दोन मीटर लावाले गेलो तं लाईटवाला दहा चकरा मारायले लावते." पुन्हा हसू. पण हसता हसता त्यांचे चेहरे बदलत गेले ते मी बघत होते. भांडीवाले भाऊ शेवटी म्हणाले, "बाई, हे जर कायद्यात बसते, तं करून पाहू. आमी उभ्या जिंदगीत एकबी गोष्ट कायद्यात बसवून फायद्याची केली नाई."

मी आठवडाभराची रजा टाकली. आई, त्या आठवड्यासारखा आठवडा मला त्या घरात मुलगी म्हणून कधी मिळाला नव्हता. सकाळी भाऊ दुकान उघडायचा आणि मी मागच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसायचे. लोक येऊन आपापले कागद देऊन जायचे. कोणी चहा पाठवायचं, कोणी गरम भजी. तुझे जुने ढिवर गिऱ्हाईक, आता म्हातारे झालेले, जाळ्याचा एक तुकडा घ्यायला म्हणून यायचे आणि मला तोंडभर आशीर्वाद देऊन जायचे, कारण बाजारात बातमी फिरली होती की दोरवाल्या बाईची पोरगी मार्टवाल्यांची विद्या घेऊन आली आहे. रात्री भाऊ आणि मी जेवताना बोलायचो. लहानपणी आम्ही इतकं बोललो नव्हतो, मी शिकायला बाहेर आणि तो दुकानात.

मी ते काम मनापासून केलं. कोणी म्हणू नये की गरिबांचं म्हणून उरकलं. सगळी दुकानं मिळून एक संस्था करायची, प्रत्येकानं आपल्या दुकानाचं नाव तिला विकायचं, ती नावं पुढं बाहेरच्या कंपनीला द्यायची आणि दरवर्षी प्रत्येकानं भाडं भरायचं. मी माझ्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांना फोन केला. चांगले आहेत, मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये हसले नाहीत. मग म्हणाले, "अगं, त्या सगळ्या गल्लीचा वर्षाचा नफा एकत्र केला, तरी आपण एका लेखी मताची जी फी घेतो ना, तेवढा होणार नाही." पुढं म्हणाले, "आणि गंमत म्हणजे असल्या योजना पकडायला जो मोठा कायदा केलाय, तो तुमच्या माणसांना लागूच होणार नाही. इतकी लहान रक्कम त्याच्या जाळ्यातून खाली पडते." त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं होतं. मलाही एरवी वाटलं असतं.

नावाची गोष्ट त्यानंतर आली. कोणाचंही नाव विकायचं तर आधी ते नोंदवावं लागतं आणि वारसांनी सह्या कराव्या लागतात. तुझ्या नावाचे वारस आम्ही दोघं. मी मसुदा तयार केला. सदर नाव व त्यापासून निर्माण होणारी सर्व पत, कायमची, परत न घेण्याच्या अटीवर. असली वाक्यं मी झोपेतही लिहू शकते. या वेळी ते वाक्य लिहून मी तिथेच थांबले. मला पेंटर दिसला, शिडी दिसली, रस्त्यापलीकडे उभी राहिलेली तू दिसलीस. ज्या नावाला तू आडनावापासूनसुद्धा सोडवून आणलं होतंस, ते मी आता एका रिकाम्या खोलीच्या मालकीचं करणार होते, आणि तुझ्याच मुलानं तुझ्या नावाखाली बसायचं भाडं भरायचं.

मी भाऊला म्हटलं, "आपलं दुकान यातून बाहेर ठेवूया. बाकीच्यांचं करू."

तो दोराची गुंडी करत होता. हात न थांबवता म्हणाला, "काऊन?"

"आईचं नाव आहे रे."

"मंग? आईचंच नाव हाय म्हणून तं कामी येऊ दे. ते काय पूजाले ठेवलं हाय?"

"तुला काहीच वाटत नाही?"

त्यानं गुंडी खाली ठेवली. "ताई, तू महिन्यातून एकदा फोन करतं अन् तुले नावाचं दुखते. मी रोज त्या नावाखाली बसतो. गिऱ्हाईक येत नाई न, तं मी बाहेर जाऊन वर पाह्यतो, पाटी दिसून राह्यली का नाई म्हणून. ते नाव मले पोसत नाई आता. मी त्याले पोसून राह्यलो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुले नाव पाह्यजे तं घेऊन जा पुण्याले. मले दुकान पाह्यजे."

मी सही केली. मसुद्यावर पहिली सही माझी होती.

पण ती वापरायची वेळ आलीच नाही. आठवड्याच्या शेवटी मी आकडे पुन्हा मांडले, मग उलटे मांडले, आणि संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे होणार नाही. बाहेर कंपनी काढायचा, तिथं माणूस ठेवायचा, दरवर्षी दोन्हीकडचे हिशेब तपासून घ्यायचा खर्च हा अख्खी ओळ मिळून जेवढा कर भरते त्याच्या कितीतरी पट होता. भाडं बाहेर पाठवताना इथे कापला जाणारा कर वेगळाच. आणि लहान दुकानदाराला सरकारनं आधीच विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरायचा सोपा ठोक हिशेब दिलेला आहे, त्यात नावाचं भाडं खर्च म्हणून दाखवायची सोयच नाही. "खरं सांगायचं तर," मी म्हटलं, "तुमचा कर मुळात जास्त नाहीच. जो वाचवायचा तोच थोडा आहे."

भांडीवाले भाऊ म्हणाले, "कर जास्त नाई. मंग आमी मरून काऊन राह्यलो, बाई?"

आई, या प्रश्नासाठी मी शिकले नव्हते. मी काहीतरी सांगितलं. मार्ट ट्रकनं माल उचलतं, वर्षानुवर्षं तोटा सोसू शकतं, इकडं वाचवलेला कर तिकडं भाव पाडायला वापरतं. तुमचा भार वाढला असं नाही, त्यांचा भार त्यांनी उतरवून ठेवला आहे. मी बोलत होते आणि मला माझा आवाज मीटिंगमधल्यासारखा ऐकू येत होता. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "मंजे लबाडी करायलेबी मोठं दुकान पाह्यजे." या वेळी कोणी हसलं नाही. अस्तरवाली बाई उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती माझ्याहून फार तर पाच-सात वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "तुमी येऊन बसल्या न आमच्यात, तेवढं झालं." आणि एकेक करून लोक आपापली दुकानं बंद करायला गेले. शटर ओढल्याचे आवाज ओळीनं येत राहिले.

सगळ्यांनी मिळून माल घेण्याचं मी सुचवलं होतं. एकदा घेतलाही, रायपूरहून ताडपत्री. पुढच्या खेपेला अर्ध्या लोकांकडे घालायला पैसे नव्हते. उन्हाळ्यात भांडीवाल्यांनी दुकान भाड्यानं दिलं, तिथं आता मोबाईल दुरुस्ती आहे. ते दिवसभर घराच्या ओट्यावर बसतात आणि ओळखीचं कोणी दिसलं की भांड्यांचे भाव विचारतात. पावसाळ्याच्या तोंडावर भाऊनं आपलंही बंद केलं. मला आधी सांगितलं नाही. जाळी त्यानं ढिवरांना मिळेल त्या भावानं दिली, उरलेला दोर घरी आणला. पाटी काढून मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगावर झाकण म्हणून टाकली, रंगाची बाजू खाली करून. मी विचारलं तर म्हणाला, "वरतं ठेवली तं पाण्यानं अक्षरं जातीन." यात माया होती की नुसती सोय, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याला मार्टमध्ये नोकरी लागली आहे. दोर, ताडपत्री आणि शेतीच्या सामानाचं काउंटर. त्याला एवढं कळतं म्हटल्यावर त्यांनी लगेच घेतलं. मी दिवाळीत गेले तेव्हा त्याला बघायला मार्टात गेले. त्यानं कंपनीचा निळा टी-शर्ट घातला होता, छातीवर ते नाव, ज्याचं भाडं दरवर्षी समुद्रापलीकडं जातं. एका म्हाताऱ्याला तो सांगत होता की ही ताडपत्री घेऊ नका बाबाजी, ही एका उन्हाळ्यात तडकते, ती जाड घ्या. हुबेहूब तुझा हात होता तो, कापड चिमटीत धरून चोळून बघायचा. मला बघून त्याचे डोळे हसले, पण पाठीमागं त्याचा साहेब उभा होता, म्हणून तो म्हणाला, "काय दाखवू, मॅडम?" मी एक दोर मागितला. त्यानं मापून कापून दिला. मला काहीही बांधायचं नव्हतं.

आणि आता जे सांगायला हे सगळं लिहीत बसले, ते. परवा त्याचा फोन आला होता. आवाज इतका मोकळा की मला आधी वाटलं प्यायला आहे. प्यायला नव्हता. म्हणाला, "ताई, आज मंगळवार, माही सुट्टी. दुपारी जेवून झोपलो होतो. झकास झोप लागली. बाजारात असताना माणूस दुपारी कधी झोपला का व?" पहिल्या तारखेला पगार येतो. पोरीला घेऊन तो मार्कंड्याच्या देवळाकडं फिरून आला. धान कधी निघेल, पाऊस कधी थांबेल, याची त्याला आता काळजी नाही. बायकोनं त्याच्या तोंडावर तेज आलंय असं म्हटलं, ते सांगताना तो लाजला. मी हो हो म्हणत राहिले, छान छान म्हणत राहिले.

आई, तो सुखात आहे, आणि मला ते सहन झालं नाही. त्यानं थोडं तरी रडायला हवं होतं असं वाटलं मला. हे त्याला कधी कळू देणार नाही. तुलाही सांगितलं नसतं, तू असतीस तर.